'पर' की 'अन्य'?

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत 'इलेक्ट्रॉनिक सिटी' ही उद्योगनगरी वसली आहे. तेथे आज मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. नवख्या माणसास कानडी शेजारी 'होरगिनवरु', म्हणजे बाहेरचे, म्हणतात. आणि आपणही मुंबईत 'परप्रांतीय' हा शब्द काही कौतुकाने योजीत नाही. (गंमत अशी की, या नगरीतील एका जुन्या गावाचे नाव कोनप्पन अग्रहार. अग्रहार म्हणजे विद्वानांना दान देऊन वसविलेले गाव. २०२५ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील एका स्थानकाने हे नाव जपले आहे.)

हाच 'पर' आपण आकाशातही नेला आहे. पृथ्वीबाहेरच्या सजीवांस आपण 'परग्रहवासी' म्हणतो. इंग्रजी 'एलियन'चे कूळही तेच. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात, २२ व्या अनुच्छेदात, तो शब्द शत्रुराष्ट्राच्या नागरिकासाठी आला आहे. भाषांतरकारास असे शब्द उचलताना हात आखडता घ्यावा लागतो.

बरे, शास्त्रदृष्ट्या तरी 'परग्रहवासी' निर्दोष आहे काय? गुरूचा युरोपा आणि शनीचा एन्सेलाडस यांच्या बर्फाखाली महासागर असल्याचे शास्त्रज्ञ मानतात आणि जीवसृष्टीस अनुकूल स्थळे म्हणून त्यांकडे पाहतात. २०२४ च्या ऑक्टोबरात एक यान युरोपाच्या वाटेला लागलेही. पण हे दोघे ग्रह नव्हेत, उपग्रह आहेत! शिवाय तेथे काही सापडलेच तर ते बहुधा सूक्ष्म जंतू असतील; आणि विहिरीतल्या जंतूंना आपण 'विहीरवासी' म्हणत नाही. मराठीत 'ग्रह' म्हणजे मनाची समजूतही. न पाहिलेल्याविषयी आपण करून घेतला आहे तो पूर्वग्रहच म्हणावयाचा.

'उडती तबकडी'चीही तीच कथा. १९४७ साली केनेथ आर्नल्ड या अमेरिकन वैमानिकाने आपण पाहिलेल्या वस्तू पाण्यावर भिरकावलेल्या बशीप्रमाणे उसळत गेल्याचे सांगितले. ते वर्णन गतीचे होते. वृत्तपत्रांनी ते आकाराचे केले, आणि आपण तबकडी तेवढी घेतली.

कानडीत 'अन्यग्रहजीवी' असा शब्द रूढ आहे. मला तो आपल्या शब्दाहून सरस वाटतो. 'अन्य' म्हणजे केवळ दुसरा. त्यात परकेपणाचा वास नाही, आणि 'जीवी'त जंतूही मावतो. उपग्रहाची अडचण मात्र तोही सोडवीत नाही. म्हणून शास्त्रीय लेखात 'पृथ्वीबाह्य जीव' असे लिहावे, असे माझे मत आहे. शब्द रुक्ष आहे खरा. मुलांच्या गोष्टीत तो कोणी घालू नये.

आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलायची वेळ आली तर? ती एका परीने येऊन गेली आहे. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्यांवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत कानडी आहे, मराठीही आहे. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी आहे. कानडी अभिवादन कन्नडिगांच्या वतीने आहे, मराठी अभिवादन पृथ्वीवरील लोकांच्या वतीने. मराठी बोलणाऱ्याने समोरच्यास या जन्मी धन्य होण्याची शुभेच्छा दिली आहे. त्यांच्याकडे जन्म मोजतात की नाही, हे विचारलेले नाही! त्यांतील एक यान आज २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्या अभिवादनात ना परग्रहवासी आहे, ना अन्यग्रहजीवी. आहे तो केवळ 'तुम्ही'.