नक्कल मिळाली ना, आजी?

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. गुडघ्यांनी आणि मोतीबिंदूने आलटून पालटून त्रास दिला. पण एक गोष्ट मनात सारखी घोळते आहे, ती लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझ्या भाच्याच्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा दाखला हवा होता. त्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. भाच्याने घरातल्या ट्रंका, कपाटं सगळं धुंडाळलं. माझ्या भावाचा शाळेचा दाखला मिळाला, पण त्याच्याही मागचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, काही कागद असला तर काम पक्कं होईल असं कोणीतरी सांगितलं. वडील १९१६ साली गावी जन्मले. तेव्हा कोणता जन्मदाखला नि कोणतं काय! पण गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद एका वहीत होत असे. तिला गाव नमुना नंबर १४ म्हणतात, आणि लोक तिला कोतवाल बुक म्हणून ओळखतात. ती वही तालुक्याच्या कचेरीत असणार, असं कळलं.

भाचा म्हणाला, "आत्या, तूच चल. ते सगळं मोडीत असतं म्हणे. तुला येतं ना?"

येतं म्हणजे काय, निवृत्तीनंतर हौस म्हणून मी ठाण्यात मोडीचा वर्ग केला होता. आमच्या पिढीला शाळेत मोडी नव्हती. वडिलांना यायची. ते हिशेबाची टिपणं मोडीत लिहीत आणि आम्हाला वाटे, हे काहीतरी गुपित आहे. त्यांच्याकडून शिकायचं राहून गेलं आणि ते गेल्यावर पंचवीस वर्षांनी मी ती बाराखडी गिरवायला बसले. आपलं हे असंच असतं.

तर आम्ही गेलो. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण दोष एका कचेरीचा नाही. चार हेलपाट्यांनंतर रेकॉर्ड रूममधून एक गठ्ठा आला. कापड विटलेलं, आतल्या वहीला कसर लागलेली, एका कोपऱ्यातून पाणी झिरपून गेल्याचा तपकिरी डाग. कारकून मुलगा चांगला होता. त्याने पंखा बंद केला, टेबल पुसून दिलं. म्हणाला, "आजी, तुम्हीच बघा. आमच्याकडे हे कुणाला वाचता येत नाही. अधिकृत मोडी वाचक बाहेरून बोलवावा लागतो."

तासाभराने वडिलांची नोंद सापडली. तारीख, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, जात, आणि पुढे फक्त "मुलगा". बाळाचं नाव नाही. आजीचंही नाव नाही. नऊ महिने जिने पोटात वाढवलं तिला त्या रकान्यांत जागाच नव्हती. तरीही भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नकलेचा अर्ज भरायला घेतला.

तेवढ्यात मी उगाच पुढची पानं उलटत बसले. १९१८ सालाच्या मृत्यूच्या पानांवर आले आणि थबकले. आधीच्या महिन्यांत पानावर दोनतीन ओळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानंच्या पानं भरलेली. मरणाचं कारण सगळीकडे एकच: ताप, ताप, ताप. अक्षरही घाईचं झालेलं. ही ती मानमोडीची साथ. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि पावसाळा संपता संपता खेड्यापाड्यांत पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं तिने नेली. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. फळ्यावर आकडा लिहिलेला आहे. पण कोटीचा आकडा आणि एका गावची ती वही यांत फार अंतर असतं हो.

त्या ओळींत आमचं आडनाव दिसलं. आजोबांचं नाव. पुढे "मुलगी गंगू, वय ६, ताप".

माझ्या वडिलांना बहीण होती हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील तेव्हा दोन वर्षांचे. त्यांना तरी काय आठवणार? पण आजीला आठवत होतं. माझं शाळेतलं नाव वेगळं असूनही आजी मला आयुष्यभर "गंगू" म्हणूनच हाक मारायची. मी चिडायची. आई म्हणायची, "अगं, म्हाताऱ्या माणसाची सवय, तू कशाला मनावर घेतेस?" ती सवय कुठून आली होती ते मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका सरकारी टेबलावर कळलं.

मी पान जरा उचललं, तर त्याचा कोपरा हातातच मोडला. पापडासारखा. मी घाबरून मुलाकडे पाहिलं. तो समजूत घालत म्हणाला, "असू द्या आजी. तुमची नक्कल मिळाली ना? मग झालं."

मग झालं! परतीच्या गाडीत मुलुंड येईपर्यंत हेच दोन शब्द डोक्यात वाजत होते.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपण सगळेच असं वागतो. दाखला मिळेपर्यंत आपल्याला दप्तर आठवतं, मिळाला की दप्तर तुमचं आणि वाळवीचं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा एकाएकी सगळ्या कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. आरक्षणाच्या वादात मला पडायचं नाही, त्याला जाणती माणसं आहेत. पण एक झालं. कित्येक वर्षांत कोणी सोडले नव्हते ते गठ्ठे सुटले, त्यांची छायाचित्रं निघाली. प्रश्न असा की त्या शोधात फक्त एक शब्द शोधला गेला. ज्या पानावर तो नव्हता ते पान उलटून पुढे गेले. त्या पानांवर किती गंगू असतील?

आपल्याकडे इतिहासाचं प्रेम कमी नाही. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतले कागद गोळा करत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडक कागद काढून पंचेचाळीस खंड छापले. मुंबईत पुराभिलेखागार १८२१ पासून आहे, फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. हे सगळं मोठं काम आहे, त्याला नमस्कारच. पण त्यात बहुतेक राजे, सरदार, लढाया, तह. आपल्यासारख्यांचे खापरपणजे त्यात सापडायचे नाहीत. ते सापडतील तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये: फेरफाराच्या नोंदीत, सारा थकल्याच्या यादीत, कोतवाल बुकात. साहेबाने हे कागद आपल्या प्रेमापोटी ठेवले नव्हते, वसुलीसाठी ठेवले होते. तरी आज सामान्य माणसाचं चरित्र म्हणून शिल्लक आहे ते एवढंच.

आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आपण शहरातली माणसं, आपल्याला काय करायचंय सातबारा नि कोतवाल बुक?" मी त्यांना म्हटलं, काकू, आपलं मुलुंड शहर कधी झालं? साष्टी बेट पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं. उपनगर जिल्हा पहिल्यांदा निघाला १९२० साली. मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आलं १९५७ साली. आणि आजचा मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑक्टोबर १९९० रोजी. त्याचे तालुके तीन: कुर्ला, अंधेरी, बोरिवली. मुलुंड, घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात हे इथल्या कितीजणांना ठाऊक आहे? हद्द जितक्या वेळा बदलली तितक्या वेळा कागद कुठे गेले हा प्रश्न उभा राहिला. ठाण्यात की वांद्र्याला की आणखी कुठे? आपल्या सात मजली इमारतीखाली कोणाचं तरी शेत होतं, खाचर होतं, मिठागर होतं. गावठाणातल्या जुन्या कोळ्यांना, ईस्ट इंडियन कुटुंबांना विचारा, एका कागदाची किंमत काय असते. आणि सोसायटीच्या पुनर्विकासाच्या वेळी मालमत्ता पत्रकासाठी तुम्हीच किती फेऱ्या मारल्यात?

माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत असतो. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, इथेही अगदी हेच आहे." त्याच्या घरमालकीणबाईंना आपल्या आजोबांच्या घराची बांधकाम परवानगी पाहायची होती. तिथे जिल्ह्याला क्राइस म्हणतात, आणि बऱ्याच जिल्ह्यांचं स्वतःचं वेगळं अभिलेखागार असतं. बाईंनी पत्र लिहिलं, ठरल्या दिवशी फाईल टेबलावर आली. पण बाईंना एक अक्षर वाचता येईना! भाषा जर्मनच, पण जुन्या कुरेंट लिपीत लिहिलेली. ती लिपी १९४१ साली तिथल्या शाळांतून बंद झाली. म्हणजे त्यांचीही एक मोडीच की! मग अभिलेखागारातल्या माणसाने शेजारी बसून ती फाईल वाचून दाखवली. ती लिपी शिकवणारे वर्ग तिथे भरतात, आणि आमच्यासारखे निवृत्त लोकच त्यात जास्त असतात म्हणे.

त्याच जर्मनीत ३ मार्च २००९ रोजी कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत भुयारी रेल्वेच्या कामापायी कोसळली. शेजारच्या घरातली दोन माणसं गेली. आणि कित्येक शतकांचे कागद चिखलात गाडले गेले. त्यांनी ते चिखलातून उपसून काढले, धुतले, गोठवून सुकवले, आणि तुकड्याला तुकडा जुळवण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चालवलं. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. त्यातही माणसं गेली, फायली जळाल्या. चार दिवस बातम्या आल्या. पुढे आपण विसरलो.

आता कोणी म्हणेल, जर्मनीचं कौतुक पुरे. खरं आहे. याच जर्मनीत १९३३ नंतर लोकांना आजी-आजोबांचे दाखले जमवून आपलं "शुद्ध" कूळ सिद्ध करावं लागत होतं, आणि ज्यांना ते जमलं नाही त्यांचं काय झालं ते जगाला माहीत आहे. कागद निष्पाप नसतो. आपल्याही दप्तरांत साहेबाने कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार लिहून ठेवलं आहे. पण म्हणून ते जाळून टाकायचे का? अन्याय झाला होता याचा पुरावाही तोच कागद असतो. आमचे एक व्याही म्हणतात, जुन्या कागदांनी भांडणं वाढतात. मला उलट वाटतं. कागद नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. गरिबाच्या बाजूने साक्ष द्यायला कागदाशिवाय आहेच कोण?

दुसरा आक्षेप पैशाचा. दवाखान्यात औषध नाही आणि बाईंना जुनी रद्दी जपायची आहे! मान्य. पण मी मागते आहे ते फार नाही. एक म्हणजे, स्कॅन झालं म्हणून मूळ वही टाकून देऊ नका. "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने उतारे घरबसल्या मिळतात, ही फार चांगली सोय आहे. पण पुसट पानाचं पुसट छायाचित्र निघालं असेल तर पुन्हा मूळ पानाकडेच जावं लागतं. कोरडी खोली, लोखंडी मांडणी आणि वर्षातून एकदा गठ्ठा उघडून झाडणारा माणूस, एवढं तरी हवं. दुसरं म्हणजे मोडी. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पण ते पुरेसे नाहीत. नवव्या इयत्तेच्या मुलांना सुट्टीत पंधरा दिवस शिकवा, पोरं आठवड्यात वाचायला लागतील. मला साठीनंतर जमलं, त्यांना का नाही जमणार? तिसरं, गावाच्या नावाने आणि वर्षाने साधी सूची. कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे माहीत नसेल तर तो गठ्ठा असून नसल्यासारखा.

आणि हे सगळं सरकारनेच करावं असंही नाही. माझ्यासारख्या पेन्शनर शिक्षकांची कमी आहे का? सकाळी बागेत फिरून झालं की आम्ही मोकळेच. चष्मा आहे, वेळ आहे, अक्षर बरं आहे. बसवा आम्हाला त्या टेबलाशी. चहासुद्धा आम्ही घरून आणू.

भाच्याच्या मुलीचं काम झालं. नक्कल मिळाली, अधिकृत वाचकाकडून लिप्यंतर झालं (माझं वाचन त्यांना चालत नाही, ते रास्तच आहे), दाखला आला, प्रवेशही झाला. घरात पेढे वाटले. मी मात्र गंगूच्या नोंदीच्या नकलेसाठी वेगळा अर्ज केला. कारण काय लिहू, असं त्या कारकून मुलाने विचारलं. अर्जात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, "आत्या".

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता शिक्का मारला.