अहवाल आल्यावर काय करणार?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नीट पार पडली, तरी दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णाला केमोथेरपी द्यावी का, या प्रश्नावर आपण वर्षानुवर्षे अंदाजानेच चाललो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ अभ्यासाने त्या अंदाजाला आधार दिला. ४५५ रुग्णांपैकी एका गटाचे रक्त शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात घेतले आणि त्यात गाठीचा डीएनए सापडला तरच केमोथेरपी सुचवली. त्या गटात १५ टक्के रुग्णांना ती मिळाली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण ९३.५ आणि ९२.४ टक्के. ऑक्सॅलिप्लॅटिनने बधिर झालेल्या बोटांनी शर्टाची बटणे लावू न शकणारे रुग्ण आपण पाहतो. त्यांच्या दृष्टीने केमोथेरपी टळण्यातला हा फरक फार मोठा आहे.

या तपासणीचे खरे मोल निर्णय बदलण्यात आहे. म्हणूनच उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी ‘मनाच्या समाधानासाठी’ ती लिहून देण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगात सीए-१२५ वाढताच उपचार सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही, उलट जीवनमान लवकर घसरले, हे २०१० सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आले आहे. याउलट मूत्राशयाच्या कर्करोगात रक्तात डीएनए सापडलेल्या रुग्णांना अ‍ॅटेझोलिझुमॅबचा फायदा झाल्याचे २०२५ मध्ये दिसले. तिथे हाती उपयोगी औषध होते, फरक एवढाच.

तेव्हा तपासणी लिहिण्याआधी केसपेपरवर दोन ओळी लिहा: पॉझिटिव्ह आली तर काय करू, निगेटिव्ह आली तर काय थांबवू. दोन्ही ओळींत एकच उत्तर येत असेल, तर रुग्णाचे पैसे वाचवा. निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, असेही घरच्यांना सांगू नका. फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर उलटलेला रोग रक्तात डीएनए कमी सोडतो.

आणि शल्यचिकित्सकांना एक आग्रहाची विनंती. यातल्या अनेक तपासण्यांना आधी गाठीतले जनुकीय बदल वाचावे लागतात. काढलेला भाग दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्येच, भरपूर द्रावणात बुडवून पाठवा आणि पॅथॉलॉजीकडून ब्लॉक जपून ठेवून घ्या. रक्त साध्या ईडीटीए नळीत घेतले असेल, तर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा. तालुक्याहून कुरिअरने पाठवायचे असेल, तर पेशी न फुटू देणारी खास नळी आधीच मागवा.