कसबी हातांचे कौतुक पुरे!

दिवाळीचा फराळ अंगावर आला आणि दुपारची झोप डोळ्यांवर उतरू लागली, म्हणजे आमच्या ब्रह्मपुरीकडच्या घरात कोणीतरी हमखास सतरंजी झटकतो आणि म्हणतो, "चला, पाडवा आहे. एकेक डाव होऊन जाऊ द्या!" बायका आत भांडी आवरीत असतात, पोरे न वाजलेल्या फटाक्यांतली दारू कागदावर काढीत असतात, आणि ओसरीवर पत्ते पिसले जाऊ लागतात. पत्त्यांबरोबर आठवणीही पिसल्या जातात. कोणा एका जुन्या पत्तेबाजाचे नाव निघते. तो म्हणे पाठमोऱ्या पानावर बोट ठेवून ते कोणते हे सांगे. त्याने म्हणे एका रात्रीत कोणा मालगुजाराची बैलजोडी जिंकली आणि पहाटे ती हाकीत, गाणे म्हणत, तो वेशीबाहेर पडला. मग सगळे एकदम मान हलवितात आणि म्हणतात, "तसा हात आता पुन्हा होणे नाही!"

वाचकहो, सणाच्या दिवशी कोणाचा विरस करू नये हे मलाही कळते. पण आज मला या कौतुकावरच हत्यार उचलायचे आहे. पत्ते खेळण्यावर माझा राग नाही. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू यांवर मीही पुष्कळ दुपारी आनंदाने उधळल्या आहेत. माझा राग आहे तो त्या दंतकथेवर, जी आपण दर दिवाळीला मुलांच्या कानांत ओततो आणि जिच्यातला अर्धा भाग आपण नेहमी गाळतो.

प्रथम आमच्या मुलखाची रीत सांगतो. ब्रह्मपुरी तालुका म्हणजे वैनगंगेच्या काठचा, धानाचा प्रदेश. हलके धान दिवाळीच्या सुमारास घरात येते, भारी धान मागून. वर्षभर कोरडा असलेला शेतकऱ्याचा हात या दिवसांतच काय तो ओला होतो. भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा दुकाने, पाळणे, दंडार; रात्री नाटक. आमच्या झाडीपट्टीत नाटक पहाटेपर्यंत चालते आणि पाहुण्यारावळ्यांनी घरे फुलून जातात. याच वेळी, मांडवाच्या मागे, मोहाच्या दारूचा वास जिथून येई त्या अंगाला, कंदिलाच्या उजेडात दुसरा एक फड बसे. तो फड चालविणारा स्वतः सहसा पत्त्याला शिवत नसे. प्रत्येक डावातून त्याची 'नाल' तेवढी निघे. डावात कोणीही हरो, नाल कधी हरली नाही.

या फडावर परगावचा पत्तेबाज येई तो पत्तेबाज म्हणून नव्हे. कधी तो बैलांचा व्यापारी असे, कधी धानाचा दलाल, कधी कोणाचा तरी लांबचा सोयरा. पत्ते वाटताना त्याच्या हातून एखादे पान खाली पडे. कोणी बसण्याचा आग्रह केला की तो ओशाळून म्हणे, "मले का येते जी! तुमी बसले तं मीबी बसलो." नाटकाचा पहिला अंक संपेपर्यंत तो हरे. हरताना कपाळावर हात मारी, दारू मागवी. स्वतः ओठाला लावल्यासारखे करी आणि इतरांना पाजी. दुसऱ्या अंकात तो थोडे हरे, थोडे जिंके. तिसऱ्या अंकात, समोरच्यांचे डोळे तांबारले आणि गाठीचा पैसा बाहेर आला, म्हणजे त्याचे हात जणू दुसऱ्याच माणसाचे होत. कोंबडा आरवेपर्यंत फडावर एकच माणूस जिंकलेला असे.

मी हे ऐकून सांगत नाही. सत्तरीच्या दशकातल्या एका मंडईत, वयाच्या अकराव्या वर्षी, मी माझ्या थोरल्या काकांच्या घोंगडीत गुरफटून असा एक फड पाहिला आहे. काकांनी त्या रात्री हलक्या धानाचे पैसे लावले, मग काकूसाठी लुगडे घ्यायचे पैसे लावले, आणि शेवटी बैलजोडी लावली. पहाटे तो परका माणूस उठला, माझ्याकडे पाहून हसला आणि काकांच्या हातावर पाच रुपये ठेवून म्हणाला, "पोराले खाऊ घ्या." मी त्या पैशांच्या जिलब्या खाल्ल्या. पुढे चाळीस वर्षे ही गोष्ट मी रंगवून सांगत असे आणि तिचा शेवट नेहमी एकच करीत असे: "काय दिलदार माणूस होता!"

एका दिवाळीला ओसरीवर मी ती अशीच सांगत होतो. काकू तेव्हा खूप थकलेली होती, उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते पाच रुपये आपलेच होते, बापू. अन् त्या साली मी लोकायच्या बांधीत रोवाले गेली."

पुढे कोणी काही बोलले नाही. बैल नव्हते म्हणून स्वतःच्या बांधीत वेळेवर चिखल झाला नाही, आणि घरधनीण दुसऱ्याच्या बांधीत वाकून रोवणी करीत राहिली. हा माझ्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग होता. तो मला चाळीस वर्षे ठाऊक नव्हता, कारण मी कधी विचारलाच नव्हता.

आता पत्तेबाजांचे वकील काय म्हणतात ते ऐकू. त्यांचा पहिला मुद्दा असा की, ही हातचलाखी नव्हे, हा कसब आहे, आणि कसबाचे कौतुक करण्यात गैर काय? घटकाभर मान्य करू की त्या माणसाने पानाच्या कोपऱ्याला नखाची खूण केली नव्हती आणि समोर बसलेला अनोळखी इसम त्याचा जोडीदार नव्हता. तो निव्वळ कसबानेच जिंकला. मग प्रश्न उरतो तो हा, की त्याने आपला कसब लपविला का?

कसब कसा मिरवावा हे पाहायचे तर विल्सन जोन्स यांच्याकडे पाहा. पुण्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ साली ते पुन्हा जिंकले. साऱ्या जगाला त्यांचा हात ठाऊक होता. समोर उभा राहणारा जाणूनबुजून उभा राहत होता. याच टेबलाचा दुसरा एक खेळ स्नूकर. तो १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला असे सांगतात. म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांतातच, ज्यात आमचा चांदा जिल्हाही होता. आणि याच टेबलांभोवती अमेरिकेच्या दारूगुत्त्यांत एक वेगळी जात वाढली. हे लोक गावोगाव हिंडत, मुद्दाम वाईट खेळत, दोनचार डाव हरत आणि पैज वाढली की खरा हात दाखवीत. वॉल्टर टेव्हिस यांनी १९५९ साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली. १९६१ साली 'द हसलर' हा चित्रपट निघाला आणि पॉल न्यूमनच्या देखण्या चेहऱ्यामुळे त्या धंद्याला एक प्रकारचे तेज चढले. ते तेज आणि आमच्या ओसरीवरचे "तसा हात होणे नाही" हे एकाच जातीचे. टेबल एकच, काठी एकच; पण एक आपला कसब उघडा करून जिंकतो आणि दुसरा तो झाकून जिंकतो. पहिला खेळाडू. दुसऱ्याला खेळाडू म्हणणे हा खेळाचा अपमान आहे. ज्या कसबाचे पहिले कलम 'आपण अडाणी आहोत असे भासव' हे आहे, त्याची जागा आखाड्यात नसून खिसेकापूंच्या पंगतीत आहे.

वकिलांचा दुसरा मुद्दा परंपरेचा. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, प्रत्यक्ष शंकर-पार्वती त्या दिवशी सारीपाट खेळले आणि पार्वती जिंकली, मग तुम्ही कोण मोठे सोवळे लागून गेलात? ठीक. परंपराच काढायची तर सगळी काढू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्यातले फासे बेहड्याच्या फळांचे आहेत. तोच बेहडा, जो आमच्या जंगलात आजही हिरड्याच्या जोडीने गोळा करतात. त्या सूक्तातला जुगारी बायको गेल्याचे, सासू तिरस्कार करीत असल्याचे रडगाणे गातो आणि शेवटी त्याला उपदेश मिळतो तो शेती कर असा! धानाच्या मुलखाला याहून वेगळे काय सांगावे? कौटिल्याने जुगारावर सरकारी अधिकारी नेमायला सांगितला, जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ घ्यायला सांगितले; पण जुगारी बहुधा कपटानेच खेळतात हेही त्याने लिहून ठेवले. आणि मनूने तर फाशांचा जुगार व प्राण्यांवर लावलेल्या पैजा या दोहोंना उघड चोरी ठरविले. आमच्याकडे गडचिरोली-चंद्रपुरात चोरून भरणारे कोंबडबाजार ज्यांना मर्दुमकीचे वाटतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इथे कोणीतरी नळराजाला पुढे करील. करावाच, कारण दमयंती आमच्या विदर्भाची लेक. नळ पुष्कराशी खेळत राहिला, तिचे शब्द त्याच्या कानी पडेनात, तेव्हा तिने दोन्ही मुले रथात घालून कुंडिनपुराला माहेरी पाठविली. राज्य गेले, वनवास आला, अर्ध्या वस्त्रानिशी ती रानात एकटी पडली. पुढे नळाने ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या मिळविली, बेहड्याच्याच झाडाखाली, आणि ती विद्या मिळाल्याचे न सांगताच पुष्कराला आव्हान देऊन राज्य परत जिंकले. म्हणजे नळानेही कसब लपविला, असे म्हणता येईल. कबूल. पण जिंकल्यावर नळाने काय केले? त्याने पुष्कराला क्षमा केली, त्याचा वाटा त्याला परत दिला आणि गळामिठी देऊन निरोप दिला. दंतकथांतल्या आमच्या एका तरी पत्तेबाजाने बैलजोडी परत केल्याचे कोणी ऐकले आहे काय? परत आले ते पाच रुपये, खाऊला.

तिसरा मुद्दा सर्वांत लाडका: जुने लोक निदान इमानी होते, समोरासमोर बसत, खरी कीड आजची, मोबाइलवरच्या रमीची. मोबाइलवरचा जुगार वाईट यात वाद नाही. पण तो आला कुठून? नव्या गिऱ्हाईकाला आधी थोडे फुकट द्यायचे, दोन डाव जिंकू द्यायचे, मग पैज वाढवायची, आणि प्रत्येक डावातून नाल काढायची. हा तर आमच्या मांडवामागचाच फड! आणि त्याची ढालही तीच, कौशल्याची. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. या निकालाचा पहिला अर्धा भाग कंपन्यांनी वर्षानुवर्षे ढालीसारखा वापरला. पण खेळातून जागामालक नफा काढीत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितले होते. तो भाग कोणी जाहिरातीत छापला नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, ज्या खेळात एकाचे कसब हे दुसऱ्याच्या भाकरीवर जगते तिथे 'कौशल्य' हा शब्द दोष धुऊन काढीत नाही, एवढे आपण मान्य केले.

कायदा मात्र ओसरीवर येत नाही. तिथे राज्य आठवणींचे. पोर मोठे होते ते बापाच्या उपदेशावर नव्हे, बाप कोणाची गोष्ट सांगताना खुलतो ते पाहून. ज्या घरात पत्तेबाज हा गोष्टीचा नायक, त्या घरात मुलाच्या हातातल्या मोबाइलला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला उरतो? मला तर चाळीस वर्षे तो नव्हता.

तेव्हा या पाडव्याला सतरंजी जरूर झटका. पैशांऐवजी चिंचोके लावा. आत भांडी आवरणाऱ्यांनाही बाहेर बोलवा, डाव दुप्पट रंगेल. जुन्या पत्तेबाजाचे नाव निघाले तर निघू द्या, गोष्टही पुरी होऊ द्या. फक्त ती संपल्यावर, सगळे मान हलवू लागण्याआधी, एक प्रश्न विचारा: "त्या रात्री हरला तो कोण, आणि पुढच्या आषाढात त्याच्या घरची बाई कोणाच्या बांधीत रोवायला गेली?"

उत्तर देणारे माणूस कदाचित उंबऱ्यापाशीच बसलेले असेल.