विश्लेषण : विमानाचे चाक निखळले, तर तो अपघात की ‘घटना’?

बारामती विमानतळावर ९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी रेडबर्ड संस्थेचे प्रशिक्षण विमान आपत्कालीन स्थितीत उतरले. पुढचे चाक निखळले आणि विमान बाजूच्या गवतात गेले. वैमानिकाला इजा झाली नाही, त्यामुळे बातमीही लवकरच मागे पडली. मात्र असा बिघाड दिसतो तितका किरकोळ नसतो.

पुढचेच चाक का?

हलक्या विमानात पुढच्या चाकाचा दांडा मागच्या दोन चाकांच्या मानाने नाजूक असतो. म्हणून मागची चाके आधी टेकवायची आणि पुढचे हळूच खाली आणायचे, हा प्रशिक्षणातला सुरुवातीचा धडा. पण तो गिरवणारे हात नवशिक्यांचे! व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यात उतरणे-उडणे पुन:पुन्हा घोटावे लागते. प्रवासी विमान दिवसात मोजक्या वेळा उतरते. सराव सुरू असताना प्रशिक्षण विमान एका तासातच अनेकदा टेकते. त्यामुळे नुसत्या उड्डाणाच्या तासांवरून चाकांची झीज कळत नाही. चाकाची थरथर रोखणारा ‘शिमी डॅम्पर’ ढिला पडला, बोल्ट झिजला किंवा धातूला बारीक तडा गेला, की साध्या उतरण्यातही दांडा दगा देऊ शकतो. नाक खाली बसून पंखा जमिनीला लागला, तर इंजिनही उघडून तपासावे लागते.

तपास कोण करते?

मेख इथे आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार कोणी गंभीर जखमी नसेल आणि नुकसान टायर, ब्रेक, चाकांपुरतेच असेल, तर तो ‘अपघात’ ठरत नाही. भारतात २०१७ च्या नियमांनी २,२५० किलोंहून जड विमाने आणि जेट यांच्या अपघातांचा व गंभीर घटनांचा तपास ‘एएआयबी’कडे सोपवला. त्याहून हलक्या विमानांबाबत निर्णय त्या विभागाच्या मर्जीवर. चार आसनी सेसना १७२ पूर्ण भारासह भरते साधारण अकराशे किलो. म्हणजे वैमानिक ज्यांवर घडतात, ती बहुतेक विमाने या रेषेच्या खालीच.

बारामतीत यापूर्वी काय झाले?

ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला याच संस्थेची दोन विमाने बारामती परिसरात कोसळली. सहा महिन्यांत पाच प्रकार घडल्यानंतर ‘डीजीसीए’ने संस्थेची प्रशिक्षणाची परवानगी स्थगित केली, पुढे प्रशिक्षण पुन्हा सुरू झाले. त्यामुळे २०२५ च्या प्रकरणात चाक का निखळले, एवढेच विचारून भागणार नाही. ते शेवटचे कधी तपासले आणि त्यानंतर विमान किती वेळा उतरले, हे देखभालीच्या नोंदींतून बाहेर यायला हवे.