संग्राहकांच्या स्वप्नातील सायकली

सायकल ही वस्तू आपल्याकडे इतकी परिचयाची आहे की, तिच्याकरिता कोणी स्वप्ने पाहत असेल व गाठीची पुंजी खर्चीत असेल, हे आमच्या खेड्यांतील वाचकांस सहसा खरे वाटावयाचे नाही. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, शाळेत जाणारी दोन मुले, बाजाराची पिशवी, ही सारी ओझी तिने वर्षानुवर्षे निमूटपणे वाहिली. पुढे घरात फटफटी आली, तेव्हा ती गोठ्याच्या भिंतीशी टेकली गेली आणि कोंबड्या तिच्या दांडीवर रात्र काढू लागल्या. तथापि जगात असे पुष्कळ लोक आहेत की, जे अशाच एखाद्या जुन्या सायकलीच्या शोधात देशोदेशी पत्रे पाठवितात, दहा-दहा वर्षे वाट पाहतात आणि ती हाती आली म्हणजे सोने लाभल्यासारखा आनंद मानतात. या संग्राहकांच्या स्वप्नातील चार-पाच सायकलींची ओळख वाचकांस करून द्यावी, व मग आपल्या घरांशी या विषयाचा जो संबंध येतो त्याविषयी दोन शब्द लिहावे, असा आजचा आमचा विचार आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. पहिली दुचाकी जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ च्या जून महिन्यात रस्त्यावर आणली. ती लाकडाची असून तिला पायटे नव्हते; स्वार पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जाई. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकास पायटे बसविण्यात आले. पायटे थेट चाकालाच जोडलेले असल्यामुळे त्यांच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होई; अर्थात वेग वाढवावयाचा तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. या हिशेबातूनच १८७० च्या पुढे ती उंच चाकाची विलक्षण सायकल निघाली. स्वाराच्या पायाची लांबी हीच तिच्या चाकाची मर्यादा होती, आणि वाटेत दगड आडवा आला की स्वार हँडलावरून पालथा पडे. शेवटी १८८५ मध्ये इंग्लंडातील कव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. तिच्यात साखळीने मागचे चाक फिरविण्याची योजना असल्यामुळे लहान चाकानेही वेग साधू लागला. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. या दोन शोधांनी सायकल जवळजवळ आजच्या रूपास आली.

आता कोणी म्हणेल, जी सर्वांत जुनी तीच सर्वांत मौल्यवान असावी. परंतु संग्राहकांचा हिशेब निराळा आहे. एखाद्या कारागिराने स्वतंत्र बुद्धीने जी घडविली, जिच्या प्रती थोड्या निघाल्या, आणि जी मूळच्या रंगासह व मूळच्या भागांसह टिकली, तिच्यावर त्यांचे मन जडते.

अशा सायकलींमध्ये ‘डर्सली पेडरसन’चे नाव नेहमी घेतले जाते. मिकाएल पेडरसन हा डेन्मार्कचा रहिवासी असून इंग्लंडातील डर्सली या लहानशा गावी येऊन राहिला होता. त्या काळच्या कठीण बैठकी त्याला त्रासदायक वाटत, म्हणून त्याने दोऱ्यांची विणलेली, झोळीसारखी लोंबती बैठक तयार केली. ही झोळी नेहमीच्या सांगाड्यावर बसेना. तेव्हा इतरांनी बैठक सोडून दिली असती. याने सांगाडाच नवा रचला. बारीक नळ्यांच्या जोड्या त्रिकोणात्रिकोणांनी बांधून त्याने असा सांगाडा केला की, दिसावयास तो कोळ्याच्या जाळ्यासारखा नाजूक, परंतु भाराला पक्का व वजनाला हलका. १८९३ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले. मात्र या कल्पक मनुष्याच्या हाती शेवटी काही उरले नाही. तो डेन्मार्कला परतला, १९२९ मध्ये तेथेच वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. पुढे १९९५ मध्ये त्याचे अवशेष डर्सलीला आणून सन्मानाने पुरण्यात आले. आज त्याची सायकल ज्याच्या घरी आहे तो स्वतःस भाग्यवान समजतो.

दुसरी सायकल ‘सनबीम’. वुल्व्हरहॅम्पटन येथील जॉन मार्स्टन याचा मूळ धंदा पत्र्याच्या भांड्यांवर काळे चकचकीत रोगण चढविण्याचा होता. १८८७ मध्ये त्याने सायकली करावयास घेतल्या, तेव्हा तेच रोगण त्याने सायकलीस दिले व त्यावर सोनेरी रेघा ओढल्या. परंतु तिची खरी कीर्ती साखळीच्या पेटीमुळे झाली. ही पेटी सर्व बाजूंनी बंद असून साखळी आत तेलात भिजत फिरे. तिला ना धूळ लागे, ना चिखल. उन्हाळ्यात धुळीने व पावसाळ्यात गंजाने साखळी कशी करकरते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या योजनेतील शहाणपण समजावून सांगावयास नको. सुप्रसिद्ध इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार हा कॅथॉलिक होता. संत जॉन हेन्री न्यूमन यांच्या काव्यावरील त्याची ‘गेरॉन्शियसचे स्वप्न’ ही थोर संगीतरचना १९०० साली पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ सायकल शिकला. त्याने घेतलेली सायकल सनबीमच होती, व लाडाने त्याने तिला ‘मिस्टर फीबस’ हे नाव ठेवले होते.

फ्रान्समध्ये आलेक्स सिंगर व रने एर्स या कारागिरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ज्या प्रवासी सायकली हाताने घडविल्या, त्यांचेही असेच वेड आहे. त्या काळी तेथे सायकलींच्या परीक्षा होत असत. खडबडीत डोंगरी वाटांवरून सायकल न्यावयाची, ती मोडता कामा नये, आणि तरीही ती हलकी असावी, अशी अट असे. सिंगरने १९४६ च्या परीक्षेकरिता केलेली सायकल मडगार्ड, दिवे व सामानाची चौकट यांसह सुमारे ७ किलो भरली. आपल्याकडील साध्या सायकलीचे वजन याच्या अडीच-तीनपट असते, एवढे सांगितले म्हणजे त्या हातांचे कसब ध्यानात येईल.

याच्या अगदी उलट गोष्ट ‘स्पेसलँडर’ची. बेंजामिन बाउडन या इंग्रज आराखडाकाराने १९४६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात एका भविष्यकाळच्या सायकलीचा नमुना मांडला. लोकांनी वाखाणणी केली, पण कारखानदार पुढे येईना. अखेर १९६० मध्ये अमेरिकेत ती काचतंतूच्या सांगाड्याने तयार झाली. परंतु किंमत अधिक असल्यामुळे सुमारे ५०० सायकली निघाल्यावर हा उद्योग बसला. जी त्या वेळी दुकानात पडून राहिली, तिच्याकरिता आज संग्राहक एकमेकांवर चढाओढ करतात. बाजाराचा निकाल हा वस्तूच्या गुणाचा शेवटचा निकाल नव्हे, एवढे यावरून दिसते.

येथवर ज्या सायकलींचे वर्णन केले, त्या दुर्मिळ असल्या तरी पैशाने मिळू शकतात. परंतु काही सायकली अशा आहेत की, त्या कोणत्याही किमतीला मिळावयाच्या नाहीत. उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरावर घिसाल्लोच्या पवित्र मातेचे एक लहान प्रार्थनामंदिर आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. त्या मंदिराच्या भिंतींवर नामांकित स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. फाउस्टो कोप्पीची आहे, जिनो बार्तालीची आहे; आणि त्यांतच एक मोडकी सायकल आहे. ती फाबिओ कासार्तेल्ली या तरुणाची. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले होते. १९९५ च्या जुलैत फ्रान्सच्या शर्यतीत डोंगर उतरताना पडून तो मृत्यू पावला. मोडतोड झालेल्या त्या सायकलीपुढे लोक क्षणभर थांबून प्रार्थना करतात. भंगाराच्या तराजूत तिचे मोल काही किलोंचे. त्या भिंतीवर तिचे मोल कोण ठरविणार?

बार्तालीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. फ्लॉरेन्सजवळच्या खेड्यातील हा श्रद्धाळू कॅथॉलिक मुलगा. १९३८ व १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा त्याने फ्रान्सची शर्यत जिंकली. मधल्या काळात युद्ध पेटले होते आणि इटलीतील यहुदी लोकांवर प्राणसंकट कोसळले होते. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या आश्रयाने त्यांना लपविण्याचे व त्यांच्याकरिता बनावट ओळखपत्रे करविण्याचे काम गुप्तपणे चाले. ती कागदपत्रे बार्ताली आपल्या सायकलीच्या नळ्यांत लपवून फ्लॉरेन्स व आसीसी यांच्या दरम्यान नेत असे. वाटेत शिपायांनी पाहिले तर शर्यतीचा नामांकित स्वार सराव करीत आहे असेच त्यांना वाटे. युद्धानंतर त्याने या गोष्टीचा डांगोरा पिटला नाही. २००० साली तो वारला. आणि २०१३ मध्ये जेरुसलेम येथील याद वाशेम संस्थेने यहुद्यांचे प्राण वाचविणाऱ्या नीतिमान लोकांच्या यादीत त्याचे नाव घातले. सायकलीची नळी पोकळ असते हे सर्वांस ठाऊक आहे. त्या पोकळीत काय वाहून न्यावे हे त्या मनुष्याला कळले.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या देशात सायकली तयार होऊ लागण्यापूर्वी त्या विलायतेतून येत. रॅले, हंबर, रज, बी. एस. ए., हर्क्युलस, फिलिप्स ही नावे आमच्या वृद्ध वाचकांस अजून स्मरत असतील. हंबरच्या पुढच्या चिमट्यास प्रत्येक बाजूस दोन-दोन बारीक नळ्या असत व तिच्या दंतचक्रात धावणाऱ्या माणसांच्या आकृती कोरलेल्या असत. रजच्या दंतचक्रात हाताचा पंजा, रॅलेच्यात बगळ्याचे डोके, आणि बी. एस. ए.च्या शिक्क्यात तीन बंदुका. या खुणा ज्याला ठाऊक आहेत तो गंजलेली सायकलही दुरून ओळखतो. पुण्यास अशा जुन्या सायकलींचे एक संग्रहालयही २०१७ पासून आहे.

आणि म्हणूनच अलीकडे शहरातील खरेदीदार खेडोपाडी फिरू लागले आहेत. एका कुटुंबाने आम्हांस विचारले की, आजोबांची हंबर एक गृहस्थ मागत आहे, भंगारवाल्यापेक्षा दुप्पट देतो म्हणतो. द्यावी की नाही? विकणे हे पाप नव्हे, हे आधी सांगतो. घरात अडचण असेल, मुलीच्या शिक्षणास पैसा हवा असेल, तर लोखंडाशी भावना गुंतवून बसण्यात अर्थ नाही. परंतु भंगाराच्या दुप्पट हे काही सायकलीचे मोल नव्हे. सौदा करण्यापूर्वी इतके करावे. बैठकीखाली किंवा मागच्या चाकाजवळ सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक पाहावा. मागच्या चाकाच्या तुंब्यात गिअर असतील तर त्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव व पुष्कळदा साल-महिना कोरलेला आढळेल. नगरपालिकेचा जुना पितळी बिल्ला, मूळची घंटी, दिवा, हवेचा पंप, खरेदीची पावती, यांतील काही माळ्यावर असेल तर ते सायकलीबरोबरच ठेवावे. आणि विकण्याआधी नवा रंग मुळीच देऊ नये. चकाकीमुळे किंमत वाढेल या समजुतीने पुष्कळ जण हेच करतात. परंतु संग्राहकास जुना, विटलेला, पण मूळचा रंगच हवा असतो. मग दोन-तीन जाणत्यांना विचारून भाव ठरवावा.

खरेदीदारालाही आमचे दोन शब्द आहेत. वस्तूचे मोल आपणास ठाऊक आणि म्हाताऱ्या विधवेस ठाऊक नाही, या अंतरावर जो नफा उभारला जातो, तो व्यवहारात चतुराई म्हणून खपत असेल. न्याय्य किमतीच्या शिकवणीत तो बसत नाही. तसेच विकणाऱ्याने नवे भाग बसवून ते मूळचे म्हणून सांगणे हीही चोरीच होय. दहाव्या आज्ञेचे विस्मरण तर दोघांनाही होऊ नये. सुंदर वस्तू आवडणे निराळे, आणि दुसऱ्याच्या घरातील वस्तूवर डोळा ठेवून झोप घालविणे निराळे.

खरा संग्राहक कसा असतो, याचे एक उदाहरण इटलीतच आहे. तुस्कानी प्रांतात गायोले या गावी १९९७ पासून दरवर्षी जुन्या सायकलींची एक फेरी निघते. तेथे १९८७ पूर्वीच्याच घडणीच्या सायकली चालतात, आणि त्या काचेच्या कपाटात नव्हे, तर पांढऱ्या मातीच्या रस्त्यावर, धुळीत व घामात चालवाव्या लागतात. ज्याने ती चालविली त्यालाच ती कळली, असा त्यामागील भाव आहे.

म्हणून ज्यांच्या गोठ्यात अशी एखादी सायकल असेल त्यांना आमची सूचना साधी आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर ती बाहेर काढा. कोरड्या फडक्याने पुसा, साखळीस तेल द्या, चाकांत हवा भरा. ती कोणी, कोठून, किती रुपयांस व कोणत्या साली आणली, हे घरातील वडील माणसांस विचारून एका कागदावर लिहून ठेवा. कारण सायकलीचा गंज काढता येतो, पण सांगणारे माणूस गेल्यावर ही हकीकत कोणाकडूनही मिळत नाही. मग ठेवावयाची की विकावयाची, याचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून घ्यावा. आणि ठेवण्याचे ठरले, तर नातवास ती चालवावयास द्यावी.