विश्लेषण : चुंबकत्व दाबले की वीज बेरोक का वाहते?

खोलीच्या तापमानाला वीज विनारोध वाहून नेणारा पदार्थ सापडल्याचे दावे गाजतात आणि फसतातही. ल्युटेशियमच्या संयुगावरील असाच शोधनिबंध ‘नेचर’ने २०२३ मध्ये मागे घेतला. तिथेही दाबाचाच वापर होता. सीरियमच्या संयुगांचा गाजावाजा कमी, पुरावा मात्र पक्का.

दाबाने नेमके काय होते?

सीरियम-इंडियम संयुगात उणे २६३ अंश सेल्सिअसखाली शेजारच्या सीरियम अणूंची चुंबकीय दिशा परस्परविरुद्ध होते. हे चुंबकत्व सीरियमच्या एकेका ‘४एफ’ इलेक्ट्रॉनचे. दाबामुळे अणू जवळ येतात, हा इलेक्ट्रॉन वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांत मिसळतो आणि चुंबकत्व क्षीण होते. वातावरणाच्या सुमारे २६ हजार पट दाबाला ते संपते. नेमके तिथेच, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.२ अंश वर, विद्युतरोध नाहीसा होतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. तेही अतिशुद्ध स्फटिकांतच.

एरवी चुंबकत्व अतिसंवाहकतेचे वैरी. इथे मात्र मावळत्या चुंबकत्वाची चुळबुळच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवते, असे मानले जाते. पुढे ऱ्होडियम मिसळलेल्या भावंडात, दाबाखालीच, हे तापमान दसपट झाले. कोबाल्टच्या भावंडाला तर बाहेरचा दाबही लागत नाही. अर्थात हे सारे उणे २७१ अंशांच्या आसपासचे, वीजवाहिन्यांच्या उपयोगाचे नाही.