विचारलंत कशाला?

गेल्या महिन्यात एका ॲपचा कोड तपासायला माझ्याकडे आला. 'ही नोंद नक्की काढायची?' असा डायलॉग, खाली 'हो' आणि 'नको'. मी मुद्दाम कशालाच बोट लावलं नाही. डायलॉग तसाच उभा, आणि मागच्या यादीतून नोंद गायब!

कोड उघडला. एका ओळीत शो, लगेच खालच्या ओळीत डिलीट. लिहिणाऱ्या साहेबांची समजूत अशी की, डायलॉग दाखवला की कोड हात जोडून थांबतो. ब्राउझरचं जुनं कन्फर्म थांबतं, म्हणून सगळ्यांनीच थांबावं काय? अँड्रॉइडमध्ये शो डायलॉग मांडतं आणि तडक पुढे जातं. पडद्याचा सगळा कारभार एकाच मुख्य थ्रेडवर चालतो. त्यालाच अडवून धरलंत तर 'हो' दाबलेलं ऐकणार कोण? पाच सेकंद स्पर्शाला दाद मिळाली नाही, की ॲप प्रतिसाद देत नाही अशी दवंडी सिस्टीमच पिटते. म्हणून काढायचं काम 'हो'च्या कॉलबॅकमध्ये ठेवायचं. संपलं.

चूक दाखवल्यावर साहेबांनी काय करावं? डिलीटआधी दोन सेकंदांचा टायमर लावला! म्हणजे माणसाने दोन सेकंदांत मन पक्कं करावं, नाहीतर नोंद गेलीच.

शेवटी कॉलबॅक आला एकदाचा, पण अट काय? 'नको' नसेल तर काढा. अहो, बॅक दाबून निघून जाणारा माणूस 'हो' म्हणाला कधी? कॉर्डोव्हाच्या डायलॉगमध्ये बटणं एकपासून मोजतात, आणि बटण न दाबता डायलॉग बंद केला तर शून्य येतो. फ्लटरमध्ये अवेट लावून कोड सरळ वरून खाली वाचता येतो खरा, पण डायलॉगबाहेर टिचकी मारली की हातात नल पडतं. अँड्रॉइडमध्ये बॅक दाबलं तर 'नको'चा कॉलबॅक चालतच नाही. रद्द झाल्याची वर्दी वेगळीकडे लागते. हे तिसरं उत्तर सगळीकडे आहे, फक्त आमच्या लोकांच्या डोक्यात नाही. मौन म्हणजे संमती हा न्याय लग्नाच्या बैठकीत चालत असेल. डेटाबेसला तो लावू नका. स्पष्ट 'हो' आला तरच हात लावा, बाकी सगळं 'नको'.

त्या पहिल्या कोडात डिलीटच्या डोक्यावर एक टीप होती: 'युजरने होकार दिला आहे.' तेव्हा युजर मीच होतो.